गाडीच्या पोटातली खरखर

६ एप्रिल, रविवार

गाडी ओरडायला लागली!

गेवराईचा बाजार करून येत होतो. उमापूर चारेक किलोमीटरवर राहिलं असेल. माझ्या गुडघ्यांसमोर तो कप्पा आहे ना, कागदपत्रं आणि कुंकवाची डबी ठेवते तो — त्याच्या आतून आवाज आला. खट्... खट्... खर्रर्रर्र! मी पाय वर घेतले. वाटलं जनावर शिरलं आत.

"चाकात खडा आडकला आसंल," हे म्हणाले. गाडी थांबवली, उतरले, चारही चाकांना लाथा मारून आले. खडा नाही. निघालो. खर्रर्रर्र!

"इंजनाचं हाय." मिनिटाभरापूर्वी चाकाचं होतं.

सगळ्या वर्षात आजच बिघडायची होती का हिला? राजीला आणायचंय. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायला पाहिजे. सातवा संपत आला. वीस तारखेला आठवा लागतो आणि आठव्यात लेकीला गाव सोडू देत नाहीत — आमच्यात नाही, तिच्या सासरीही नाही. म्हणजे एकोणीसपर्यंत आणली तर आणली, नाहीतर नववा लागेपर्यंत बसा वाट बघत. आणि तिचं सासर, युसूफ वडगाव, काय शेजारी आहे? बीड, मांजरसुंबा, केज आणि त्याच्याही पुढं! डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर बजावलंय — एसटीचे धक्के नकोत, ऊन लागू द्यायचं नाही, गार गाडीतून आणा.

गार गाडी! आमची गार गाडी आजपासून दळण दळायला लागली.

७ एप्रिल, सोमवार

सिदूभावजी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून खास गाडी बघायला आले. धाकटे दीर म्हणून कौतुक नाही, पण मेंढीला काय झालंय ते हा माणूस वीस पावलांवरून सांगतो. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. बॉनेटला कान लावला. हातानं थोपटलं. फक्त दात बघायचे राहिले.

"पोट फुगलंय दादा हिचं."

मग दोघा भावांची डोकी बॉनेटखाली. तासभर! मी अंगणवाडीतून आले तरी तिथंच. इंजिन अजून सुरूसुद्धा केलेलं नव्हतं, नुसती चावी फिरवलेली, आणि आवाज येतच होता. मी म्हटलं, "अहो, इंजन बंद हाय ना? मग ते कसं वाजंल?" दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी आत बसून हवेचं बटण शून्यावर आणलं. शांत! एकवर आणलं — खट् खट्. दोनवर खरखर. चारवर केलं तर शेजारच्या कोंबड्या उडाल्या.

"ब्लोअर," हे म्हणाले. "मी तेच म्हणणार होतो."

संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला फोनवरून कळलं की भागवतनं गाडीचा आजार स्वतः हुडकून काढला.

जेवताना विचारत होते, "गाडीला कुणी हात लावलाय का?" मी म्हटलं, "तुमच्याशिवाय कोण लावतंय हात? त्या दिवशी बोकड मागं बसवून आणला तो तुमीच ना?" सिदूभावजी ठसका लागेपर्यंत हसले. ह्यांची जिरली!

८ एप्रिल, मंगळवार

ह्यांनी हवेच्या जाळीतून आत खोबरेल तेल ओतलं. "सांधे मोकळे होत्यात." मग आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पुढच्या सीटवर बसवून बटण थेट चारवर.

त्यांच्या तोंडावर, चष्म्यावर, पदरावर तेलाचे शिंतोडे. त्या अजिबात हलल्या नाहीत. पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आता फणी बी आण."

आवाज आहे तसाच. गाडीला मात्र शाळेत निघालेल्या पोरीसारखा वास येतोय.

९ एप्रिल, बुधवार

राजीचा फोन. तिचा स्वतःचा बिघडलाय म्हणे बरेच दिवस, म्हणून विहीणबाईंच्या फोनवरून बोलते. स्पीकर लावलेला असतो, मागून त्यांचा, वच्छलाबाईंचा, खोकला ऐकू येतो.

"आई, कधी येताव?"

गाडीचं सांगितलं. म्हणाली, "आवाज आसला तरी चालंल. तुमी या."

मी फोन ह्यांच्याकडं दिला. हे म्हणाले, "तसं न्हाई चालत बाळा. नीट करूनच येतो." ती "बरं" म्हणाली. फोन ठेवला तिनं. जावई जीवनराव पुण्यालाच आहेत, कंपनीत सुट्टी नाही म्हणे.

ह्यांचं दुखणं मला ठाऊक आहे. संक्रांतीला वाण घेऊन गेलो होतो तेव्हा वच्छलाबाई गाडीपर्यंत सोडायला आल्या, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "शेळ्या बी ह्यातच आणता का व्याही?" हसतच म्हणाल्या. पण ह्यांच्या काळजात ते रुतून बसलंय. आजा-पणजा मेंढरांमागं पायी फिरले, घरातली पहिली चारचाकी ह्यांनी दारात लावली. डॉक्टरांच्या दारातून घेतलेली गाडी म्हणून किती मिरवली! आता ती घरघर करत वडगावात न्यायची? मेले तरी नेणार नाहीत.

१० एप्रिल, गुरुवार

गेवराईचा गाडीवाला मिस्त्री — बारा दिवस नंबर नाही! लग्नसराई. सगळ्या गाड्या वऱ्हाडात पळतायत आणि पळून पळून त्याच्याकडंच येतायत. भाड्याची जीप बघावी तर तीही कुणाच्या ना कुणाच्या हळदीला गेलेली. मी म्हटलं, काचा उघड्या ठेवून जाऊ, ओला टॉवेल बांधू. हे म्हणाले, "त्रेचाळीस डिग्रीत? सातव्या महिन्यातली पोर?" हे मात्र खरं.

"घरीच खोलतो," हे म्हणाले.

ह्यांनी घरी खोललेला मिक्सर तीन वर्षं माळ्यावर आहे.

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडलाय. त्यातला माणूस कुठली भाषा बोलतो कुणालाच कळत नाही, पण हसतमुख आहे. पुढचा कप्पा काढतो, तीन स्क्रू काढतो, गोल डब्यासारखा ब्लोअर खाली ओढतो आणि हात झटकतो. दोन मिनिटं! ह्यांनी व्हिडिओ अकरा वेळा बघितला. सिदूभावजी म्हणाले, "लई सोपंय दादा." ह्या भावांनी सोपं म्हटलं की मला देव आठवतात.

११ एप्रिल, शुक्रवार

देवा.

दुपारी गहू डब्यात भरत होते. कडुलिंबाचा वाळका पाला पसरला, चार बिब्बे फडक्यात बांधून पुरचुंडी केली, गव्हाच्या मधोमध ठेवली — आणि हात तिथंच राहिला.

चार बिब्बे. पाला. लाल फडक्याची पुरचुंडी.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी अशीच एक पुरचुंडी गाडीत ठेवली होती!

फेब्रुवारीत उंदरानं गाडीची वायर कुरतडली तेव्हा ह्यांनी महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. मला वाटलं, जे धान्याला चालतं ते गाडीला का चालू नये? कीड जाते तर उंदीर जाईल. गुढीचा पाला होताच घरात. वायपरच्या खाली ती काळी जाळी असते, तिचा एक कोपरा तुटलाय, तिथून बोट घालून पुरचुंडी आत सरकवली. हळदकुंकूही वाहिलं. आणि विसरले! राजीच्या बाळाची दुपटी शिवायच्या नादात साफ विसरले.

आज हे दुकानात गेल्यावर जाऊन बघितलं. जाळीखाली पुरचुंडी नाही. कुठं गेली असेल ते सांगायला व्हिडिओतला माणूस नको.

सांगू का? कसं सांगू? सोमवारीच ताटावर सगळ्यांसमोर बोकड काढला मी! सिदूभावजी हसले, आत्याबाईंनी ऐकलं. आता कुठल्या तोंडानं म्हणू की बोकड निर्दोष आहे? हे वर्षभर पुरवतील. पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे आले की त्यांनाही सांगतील.

उद्या हे खोलणारच आहेत. निघेल आपोआप. चिंध्या आणि पाला निघेल, म्हणतील उंदरानंच नेला. सुटले!

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. सकाळी मारुतीला नारळ, मग गाडीला हात.

कप्पा निघाला, तो तुटून. त्याच्या पोटातून निघालं ते असं — गाडीचे कागद, माझी डबी, वाळलेली अर्धी भाकरी, शेळ्यांच्या कानात मारायचे पिवळे बिल्ले, आणि गेल्या दिवाळीपासून हरवलेली आत्याबाईंची मिश्री. आत्याबाईंनी नुसतं बघितलं ह्यांच्याकडं.

तीन स्क्रूंपैकी दोन निघाले. तिसरा पार आत, हात वाकडा करून, मान सीटखाली घालून काढायचा. हे उताणे, पाय दाराबाहेर. येणारा जाणारा पायांशीच बोलून जातो. शेजारचा अंगद आला. ही गाडी डॉक्टरांकडून त्यालाच घ्यायची होती, ह्यांनी आधी गाठली. पायांना म्हणाला, "काय भागवतराव, इकायची का?"

पायांनी दार ओढून घ्यायला बघितलं.

१३ एप्रिल, रविवार

निघाला तिसरा स्क्रू. ब्लोअर खाली आला. हे अंगणात घेऊन आले, उपडा करून झटकला आणि जमिनीवर पडलं — लाल फडक्याच्या चिंध्या, काळा पडलेला पाला, आणि एक, दोन, तीन बिब्बे. ठेचलेले, तेल सुटलेले. बिब्ब्यांच्या कवचाला हळदकुंकू चिकटलेलं!

हळदकुंकू कशाला वाहिलं मी? कशाला?

ह्यांनी एक बिब्बा उचलून डोळ्यासमोर धरला. सिदूभावजी ओरडले, "दादा, टाका ते! हात नका लावू! हे कुणीतरी केलंय!"

"काय केलंय?"

"करणी! लाल फडकं, बिब्बं, हळदकुंकू. आजून काय पायजे?"

तोंड उघडायची हीच वेळ होती. मी उघडलंही. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "चहा टाकते."

आत्याबाई खाली वाकल्या, चिंधीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि मिश्री लावत बसल्या. ते फडकं माझ्या लाल पोलक्याचं आहे. राजीच्या बारशाला शिवलेलं, पुढं सात-आठ वर्षं अंगावर होतं. ह्यांनी एक चिंधी काठीनं उचलून उन्हात धरली आणि म्हणाले, "हे फडकं आपल्या गावचं न्हाई."

१४ एप्रिल, सोमवार

ह्यांचा हात सुजला. बिब्बा उतला! बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, फोड येतात, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. त्याच हातानं डोळाही चोळला काल. आता उजवा गाल भाकरीएवढा, डोळा मिटलेला. उपकेंद्रातल्या सिस्टरनं मलम दिलं.

पण सिदूभावजींच्या हिशेबी हा करणीचाच पुरावा! त्यांनी ब्लोअरभोवती राखेचं रिंगण काढलं, वर लिंबू कापून ठेवलं. त्यांच्या ओळखीचा एक देवऋषी आहे. त्यानं बघितल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. आणि तो फक्त अमावास्येला बघतो.

मी विचारलं, "अमावस्या कधीय?"

"सत्तावीसला."

सत्तावीस! वीसला आठवा लागतो!

मी म्हटलं, "भावजी, आसलं काय नसतंय. बिब्बा हाय तो, उततोच." तर हे एका डोळ्यानं माझ्याकडं बघून म्हणाले, "मग त्यो गाडीत आपल्या पायानं गेला का?"

ह्याला उत्तर माझ्याजवळ होतं. दिलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

राजीचा फोन. "आई, एकोणीसच्या आत ये. एसटीनं ये, टेम्पोनं ये. कशानं बी ये." एवढी घाई तिनं लहानपणी जत्रेलासुद्धा केली नव्हती. मी विचारलं, बरं आहे ना गं? "हो. बरंय." मग फोन विहीणबाईंनी घेतला. "आठवा लागला की मी न्हाई धाडायची बघा. मग म्हणू नका. आमचं काय, हितं बी बाळंतपणं होत्यात."

टोमणा गाडीवर होता हे कळतंय मला.

अंगणवाडीत पोरांना उसळ वाढताना दोनदा सांडली. चार दिवस उरले. करायचं काय? गुपचूप जाऊन ब्लोअर मीच बसवावा म्हणून अंगणात गेले, तर रिंगणाशेजारी सिदूभावजी बाज टाकून राखण करत झोपलेले! मेंढरं सोडून आलेत माझ्या पोलक्याची राखण करायला.

१६ एप्रिल, बुधवार

ह्यांनी अंगदला धरलं. रस्त्यात, चार माणसांत!

"तुला गाडी मिळाली न्हाई म्हणून तू केलंस."

अंगद म्हणाला, "येडा झाला का बे? मी कावून करीन?"

"मग त्या दिशी इकायची का म्हणून का इचारलंस?"

"तुझं पाय बाहीर दिसलं म्हणून इचारलं!"

वाढत वाढत आमची-तुमची घराणी निघाली. शेवटी अंगद म्हणाला, "उद्या सकाळी बिरोबाच्या देवळात ये. भंडारा उचलतो. लेकरांवर हात ठिवून उचलतो."

भंडारा उचलणं म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ खाणं, पोरखेळ नाही. आमच्यात भंडारा हातात घेऊन खोटं बोललेला माणूस कुणी बघितला नाही, आणि खरं बोलायला लेकरांवर हात ठेवावा लागला तर ती अढी दोन्ही घरांत पिढ्यानपिढ्या राहते. अंगदची बायको दिवसभर बाहेर आली नाही. माझ्या बाळंतपणात हिच्या सासूनं मला न्हाऊ घातलं होतं.

लाज वाटते मला. एवढीशी गोष्ट होती. गव्हाच्या डब्याशेजारी उभं राहून एकदा "अहो" म्हणायचं होतं, बस.

१७ एप्रिल, गुरुवार

सांगितलं!

देवळात सगळे जमलेले. अंगद न्हाऊन आलेला, दोन्ही पोरं नवीन कपड्यांत, पोरांना वाटलं प्रसाद आहे. पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. अंगदनं धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा ताटाकडं नेला. मग माझ्यानं राहवलं नाही. बायका मागं उभ्या राहतात, मी पुढं गेले.

"थांबा. ते मी ठिवलं. उंदरासाठी."

कुणालाच कळेना. मी पिशवीतून ते लाल पोलकं काढलं. एक बाही शाबूत, दुसरी कापलेली. वर धरलं. सगळ्या पुरुष मंडळींनी माझं जुनं पोलकं देवासमोर बघितलं. मरायचीच बाकी होते.

आधी हसल्या आत्याबाई. "मला त्याच दिशी कळलंतं," म्हणाल्या. "म्हनलं बघू, किती दिस दम धरती."

मग अंगद. हसत हसत देवळाच्या पायरीवर बसला तो उठेना. सिदूभावजी म्हणाले, "वैनी, तरी मला वाटलंच," — काय वाटलं ते काही सांगितलं नाही — आणि मेंढरं बघायला निघून गेले.

हे तेवढे हसले नाहीत. एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता बोकड काढणार.

"बिब्बं किती ठिवलंते?"

"चार."

"निघालं तीन. चौथा कुठाय?"

घरी येईपर्यंत एवढंच बोलणं. संध्याकाळी मात्र हे अंगदकडं गेले, हात जोडले, त्याच्याच घरी चहा पिऊन आले. मी अंगदच्या बायकोसमोर उभी राहिले आणि रडले. ती म्हणाली, "आगं, आमच्या बी गाडीत उंदरं हायत, तुझ्या बिब्ब्यानं काय फरक पडला का?"

१८ एप्रिल, शुक्रवार

चौथा सापडला. ब्लोअरच्या पिंजऱ्यात, पात्यांच्या मधे अडकून बसला होता. तोच खट् खट् करायचा. मी चिमट्यानं काढला. ह्यांचा हात फडक्यात, म्हणून ह्यांनी बॅटरी धरली आणि बसवायचं काम माझ्याकडं. मी उताणी, पाय दाराबाहेर. जाणारे येणारे माझ्या पायांशी बोलले नाहीत, एवढी तरी लाज गावाला आहे.

"डावीकडं... आजून डावीकडं... तुझं डावं न्हाई, माझं डावं!"

तीनही स्क्रू बसवले. तरी एक उरला. हे म्हणाले, "कंपनी एक जास्तीचा देती."

बटण एकवर. दोनवर. तीन. चार! नुसता वारा. सूं सूं. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. सूज पुष्कळ उतरली आहे. आत्याबाई येऊन बसल्या त्या तासभर उठल्याच नाहीत, गार हवेत डुलकी काढली.

मग हे म्हणाले, "तू पहिल्याच दिशी सांगितलं आसतं, तर आत्तापर्यंत राजी घरी आसती."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, चुकलं माझं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे शब्द मी ह्यांना पहिल्यांदा म्हणाले. तेही गडबडले. "आसू दे, आसू दे. उंदीर तर न्हाई आला ना परत?"

उद्या पहाटेच निघायचं. लाडू, साडी, ओटीचं सामान बांधलं. सीटवर घडी घातलेली गोधडी टाकली. गाडी आतून साबणानं पुसली, शेळ्यांचा वास गेला. आता येऊ देत वच्छलाबाईंना दारापर्यंत!

१९ एप्रिल, शनिवार

राजी आली. आत्ता माझ्याजवळ झोपली आहे. दुपारचे चार वाजलेत.

येताना गाडीत काही वाजलं नाही. केजपर्यंत ती गप्प होती. नेकनूरपर्यंत गप्प. आम्हाला वाटलं, डोळा लागला. मांजरसुंब्याच्या अलीकडं मागून हळूच म्हणाली, "आई, बाळ झाल्यावर मला परत धाडू नका." फोन बिघडलेला नाही तिचा. पाच महिने झाले, सासूच्या कपाटात कुलूप लावून आहे. टँकरचं पाणी हीच भरत होती, कालपर्यंत. जेवण सगळ्यांच्या मागून, उरलं तर. जीवनरावांना सांगितलं तर म्हणाले, आई म्हणते तसं कर.

ह्यांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. मग मागं वळून म्हणाले, "न्हाई धाडत."

आणि मी एका फडक्यापायी सहा दिवस तोंड मिटून बसले होते. पोर तिथं पाणी भरत होती.

नाही धाडणार. आजवर पेन्सिलीनं लिहीत आले, हे पेनानं लिहिते आहे.